नानीकडचं मूल कुणाचं? नातेवाईकांचे दावे, न्यायालयांचे निकाल आणि आपली घरं

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जूनमध्ये शाळा उघडून आठवडाही झाला नव्हता. संत तुकाराम नगरमध्ये नानीकडे राहणाऱ्या आमच्या सातवीतल्या एका मुलीचे वडील ऑफिसात आले आणि तिचा दाखला मागू लागले. "तिला चाकणला घेऊन जायचंय, तिथल्याच शाळेत घालतो." मुलीची अम्मी चार वर्षांपूर्वी वारली होती. तेव्हापासून ती नानी आणि खालाकडे. वडील चाकणच्या एका कंपनीत शिफ्टला, मधल्या काळात त्यांचं दुसरं लग्न झालेलं. अर्ध्या तासात नानी रिक्षा करून शाळेत पोहोचली. मग ऑफिसात जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. मुलगी वर्गात होती, पण आवाज वर्गापर्यंत जात होता.

त्या दिवशी आम्ही नानीला बाजूला घेऊन धीर दिला, "अम्मा, काळजी करू नका. तुम्ही वाढवलंय, पोरगी तुमचीच आहे. कोण नेतंय बघू." नंतर वाचत गेलो, दोन वकील मित्रांशी बोललो, तेव्हा कळलं की आपण त्या बाईला चुकीचा दिलासा दिला. कायद्याच्या नजरेत वडील हयात होते, त्यांच्याविरुद्ध कुठलाही आदेश नव्हता आणि नानीच्या हातात रेशनकार्डाशिवाय दुसरा कागद नव्हता.

आपल्या समाजात अशी मुलं किती आहेत हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. अम्मी वारली म्हणून नानीकडे, अब्बू वारले आणि अम्मीचा दुसरा निकाह झाला म्हणून दादीकडे, कधी मामूकडे, कधी मूल नसलेल्या फुफीकडे. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये वायसीएमच्या रस्त्यावर रात्रंदिवस ॲम्ब्युलन्स धावत होत्या. त्यानंतर अशा मुलांत आणखी भर पडली. घरच्यांनी मुलं वाऱ्यावर सोडली नाहीत, ही आपली जमेची बाजू. पण सगळा कारभार तोंडी. अडचण नसते तोवर कुणाला काही वाटत नाही, आणि अडचण येते तेव्हा दोन्ही बाजू 'हक्क' हा एकच शब्द घेऊन उभ्या राहतात. गेल्या काही वर्षांत न्यायालयांनी या प्रश्नावर बरंच काही सांगितलंय. ते आपल्या घरांपर्यंत आलेलं नाही, म्हणून हा लेख.

आधी शब्दांचा घोळ. मराठीत 'पालक' म्हणजे आईवडीलही आणि कायद्याने नेमलेला पालकही. शाळेच्या फॉर्मवर 'पालकाची सही' असं लिहिलेलं असतं, तिथे नानी अंगठा लावते आणि घरच्यांना वाटतं आता कागदही झाला. त्यातून 'मुलाचा ताबा' हा कोर्टाचा शब्द. ताबा फ्लॅटचा घेतात, प्लॉटचा घेतात. मुलाच्या बाबतीत हा शब्द कानाला खटकतो, पण दुसरा रुळलेला नाही. आपल्या फिक्हमध्ये मात्र पहिल्यापासून दोन वेगळे शब्द आहेत. हिजानत म्हणजे मुलाला जवळ ठेवणं, खाऊपिऊ घालणं, वाढवणं. विलायत म्हणजे मुलाच्या वतीने निर्णय घेण्याचा, त्याची मालमत्ता सांभाळण्याचा अधिकार. एकाच माणसाकडे दोन्ही असतीलच असं नाही.

हनफी मसलकात हिजानत आईकडे असते, मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत. शिया फिक्हमध्ये ही मुदत मुलासाठी दोन आणि मुलीसाठी सात वर्षं. आई नसेल तर हनफी क्रमाने नानी, मग दादी, मग बहिणी, मग खाला, मग फुफी. म्हणजे आपल्याकडे नातेवाईक स्त्रियांचा नंबर लावून ठेवलेला आहे, आणि त्यात नानी दादीच्या आधी येते. विलायत मात्र वडिलांकडे. ते नसतील तर त्यांनी वसीयतीने नेमलेल्या माणसाकडे, मग दादाकडे, मग दादाने नेमलेल्याकडे. इथे यादी संपते. चाचा, मामू, मोठा भाऊ, एवढंच काय खुद्द आई, यांपैकी कुणीही आपोआप मुलाच्या मालमत्तेचा वली होत नाही. हे वाक्य आम्ही ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांतल्या निम्म्या लोकांनी "चाचा तो बाप की जगह होता है ना" म्हणून वाद घातला.

मूल कुणाकडे राहावं यावर नातेवाईकांत झालेला एक दावा आपल्या सीरतच्या किताबांत आहे. हजरत हमजा उहुदच्या लढाईत शहीद झाले. पुढे हिजरी ७ मध्ये उमरा आटोपून मुसलमान मक्केतून निघाले तेव्हा त्यांची लहान मुलगी मागे आली, आणि तिला कोण सांभाळणार यावर तिघांनी दावा केला. हजरत अली आणि हजरत जाफर, दोघांची ती चुलत बहीण. हजरत जैद यांना हुजूर (स.) यांनी हमजांचे भाऊ ठरवलं होतं, म्हणून त्यांची ती भतीजी. जाफर यांच्या बाजूने आणखी एक गोष्ट होती, त्यांच्या पत्नी हजरत अस्मा या मुलीच्या सख्ख्या खाला. फैसला खालाच्या बाजूने झाला, कारण खाला आईच्या जागी असते. हा किस्सा बऱ्याच बयानांत येतो. त्यातला दुसरा भाग मात्र कमी सांगितला जातो. फैसला दिल्यावर हुजूर (स.) तिघांशीही मायेचे, मान देणारे शब्द बोलले, ज्यांना मुलगी मिळाली नाही त्यांच्याशीही. तिघांनी मागणी केली होती ती मुलीला सांभाळण्याची, तिच्यावर मालकी सांगण्याची नव्हे. आपल्या घरांतल्या भांडणात हा फरक सगळ्यात आधी हरवतो.

आता आजच्या न्यायालयांकडे येऊ. आपल्या देशात मुस्लिम मुलांच्या पालकत्वाचे दावे चालतात ते १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली. त्याचं कलम १७ सांगतं की मूल ज्या कायद्याला बांधलेलं आहे त्याच्याशी सुसंगत राहून मुलाचं कल्याण बघायचं. वय, मुलगा की मुलगी, धर्म, मागणाऱ्याची वर्तणूक आणि ऐपत, नात्याची जवळीक, वारलेल्या आईबापाची इच्छा, हे सगळं त्यात येतं. मूल समजण्याएवढं मोठं असेल तर त्याची पसंतीही. कलम १९ सांगतं की आईवडिलांपैकी कुणी हयात आणि लायक असेल तर कोर्टाने दुसऱ्याला मुलाचा पालक नेमू नये. नानीची अडचण इथेच होते.

पण रस्ता अगदी बंद नाही. ५ जानेवारी २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या एका मुस्लिम कुटुंबाचा निकाल दिला. आई वारलेली, वडिलांनी पुन्हा लग्न केलेलं, १३ वर्षांची मुलगी आणि ५ वर्षांचा मुलगा आजोळी. कोर्टाने म्हटलं की पालकत्व वेगळं आणि मूल कुणाजवळ राहतं ते वेगळं. वडील पालक आहेत हे मान्य करूनही मुख्य दावा चालू असेपर्यंत मुलांना नाना आणि खालांकडेच राहू दिलं, वडिलांना भेटी दिल्या. हिजानत आणि विलायत यांतला जुना फरक, दिल्लीच्या निकालात कायद्याच्या भाषेत लिहिलेला.

याच्या उलट बाजूचं प्रकरण आपल्या शेजारचं, पुण्याचं. मुंबईतलं सुशिक्षित जोडपं, हिंदू कुटुंब. पाचव्या महिन्यात बाईला स्तनाचा कर्करोग असल्याचं कळलं. ऑगस्ट २०१७ मध्ये मुलगी झाली. नोव्हेंबरमध्ये वडीलच क्षयरोगाने आणि मेंदूज्वराने रुग्णालयात पडले. मामा आणि मावशी आजारी बहिणीला आणि तान्ह्या बाळाला पुण्याला घेऊन आले. ऑक्टोबर २०१८ मध्ये आई गेली. वडील बरे झाले होते, त्यांनी मूल मागितलं, मामा-मावशीने नकार दिला. वडील मुंबई उच्च न्यायालयात गेले, तेही हेबियस कॉर्पसने, म्हणजे 'बेकायदा अडकवून ठेवलेली व्यक्ती हजर करा' या अर्जाने. उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये मूल वडिलांना द्यायला सांगितलं आणि ६ मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. भानुमती आणि न्या. सुभाष रेड्डी यांनी तेच कायम ठेवलं. नावं आम्ही मुद्दाम लिहीत नाही, ती मुलगी आता कुठल्या तरी शाळेत शिकत असेल.

या निकालाने आम्हाला बराच वेळ अस्वस्थ केलं. त्या मावशीने काय वाईट केलं होतं? कुणी नव्हतं तेव्हा बाळ उचललं, रात्री जागवल्या. कोर्टानेही तिच्या मायेवर शंका घेतली नाही, भेटींची सोय ठेवली. पण संकटात मूल सांभाळलं म्हणून ते परत न देण्याचा हक्क तयार होत नाही, असा त्या निकालाचा अर्थ आहे. वडील आजारी होते, त्यांनी मुलीला सोडून दिलं नव्हतं. आपल्या घरांत हे दोन प्रकार सर्रास एकच समजले जातात. गल्फला गेलेला बाप, कंपनी बंद पडल्यावर गावी परतलेला बाप, बायकोच्या मौतीनंतर सहा महिने सैरभैर झालेला बाप, या सगळ्यांना "उसने छोड दिया था बच्चे को" म्हणून एका माळेत ओवतात. कोर्ट असं ओवत नाही.

मग प्रत्येक वेळी बापच जिंकतो का? नाही. मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात आई वारली तेव्हा मुलगी ११ महिन्यांची होती आणि तेव्हापासून मावशांकडे. उच्च न्यायालयाने हेबियस कॉर्पसवरच मूल वडिलांकडे द्यायला सांगितलं. ६ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. ओक आणि न्या. मसीह यांनी तो आदेश रद्द केला. मूल म्हणजे जंगम मालमत्ता नाही, इकडून उचलून तिकडे ठेवायला. मुलावर काय परिणाम होईल याचा विचार आधी हवा, आणि तो १८९० च्या कायद्याखाली नीट पुरावे घेऊन व्हावा, असं त्यांचं म्हणणं. पुण्याच्या मावशीला जे मिळालं नाही ते इथल्या मावशांना निदान सध्यापुरतं मिळालं. वरवर पाहता दोन निकाल एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. आम्हालाही वाटले. पण दोन्हीकडे प्रश्न एकच विचारला गेला होता, या मुलासाठी आज काय बरं? उत्तर घरागणिक बदलतं. म्हणून शेजारच्या गल्लीतल्या कुणाला काय मिळालं त्यावरून आपल्या घराचा अंदाज बांधू नये.

नातेवाईक विरुद्ध नातेवाईक असाही दावा होतो. अहमदाबादच्या एका लहान मुलाचे आईवडील दोघंही २०२१ च्या मे-जूनमध्ये कोविडने गेले. गुजरात उच्च न्यायालयाने मूल मावशीला दिलं, ती वयाने लहान, सरकारी नोकरीत, आजीआजोबा म्हातारे. ९ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून मूल वडिलांच्या आईवडिलांना दिलं. पगार आणि वय एवढ्यावरच ठरत नाही, असं सांगितलं. उलट आईवडील हयात असतील तर आजीची ओढ त्यांच्या वर जात नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका ७४ वर्षांच्या आजीच्या प्रकरणात सांगितलं. पाच वर्षांचा नातू तिने जन्मापासून वाढवला होता, तरी तो आईवडिलांकडे द्यावा लागला. त्याच वर्षी जुलैमध्ये औरंगाबाद खंडपीठात न्या. ब्रह्मे यांच्यापुढे लातूर जिल्ह्यातल्या एका मुस्लिम जोडप्याचं प्रकरण आलं. मुलगा ९ वर्षांचा. सात वर्षं पूर्ण झाली म्हणून खालच्या कोर्टाने तो वडिलांना दिला होता. उच्च न्यायालयाने पर्सनल लॉमध्ये काय आहे हे मान्य केलं, आणि तरीही मुलाचं भलं आईकडे आहे म्हणून तिच्याकडे ठेवला.

या शेवटच्या निकालावर आपल्याकडे थोडी कुरबुर झाली, शरियतमध्ये ढवळाढवळ म्हणून. आमचं मत वेगळं आहे. सात वर्षांचा नियम बापाला बक्षीस म्हणून नाही, मुलाची तालीम-तरबियत व्हावी म्हणून आहे. ज्या घरी ती होणार नाही तिथे मुलाला वयाच्या दाखल्यावर पाठवायचं, असा त्याचा अर्थ कुणी आलिमही लावणार नाही. तेच आईच्या दुसऱ्या निकाहचं. अनोळखी माणसाशी निकाह केला की तिची हिजानत जाते, हे कलम नवऱ्याकडचे लोक तोंडपाठ म्हणतात. कोर्ट ती एक बाब म्हणून बघतं, शेवटचा शब्द म्हणून नाही.

आता पैशाकडे यायलाच हवं, कारण आम्ही पाहिलेल्या निम्म्या भांडणांच्या मुळाशी पैसा होता. आपला पट्टा कारखान्यांचा. भोसरी, पिंपरी, चाकण. कामगार वारला की पीएफ, विमा, ग्रॅच्युइटी, पेन्शन. ईपीएसमध्ये विधवेबरोबर मुलांनाही पेन्शन असते, तिच्या पेन्शनच्या २५ टक्के. आईवडील दोघंही नसतील तर ७५ टक्के, वयाच्या २५ वर्षांपर्यंत. आईवडिलांशिवाय दुसरं कुणी मुलाच्या वतीने अर्ज करतं तेव्हा कोर्टाचं पालकत्वाचं प्रमाणपत्र मागितलं जातं. तिथे सगळ्यांना जाग येते. ज्या चाचाने चार वर्षं मुलाचा चेहरा पाहिलेला नसतो तो 'वली' म्हणून हजर होतो. तो वली नाही, हे आपण वर पाहिलं. १९१८ मध्येच प्रिव्ही कौन्सिलने सांगून ठेवलंय की मुस्लिम कायद्यात आईसुद्धा नुसत्या नात्याच्या जोरावर मुलाची स्थावर मालमत्ता विकू शकत नाही. मग चाचा किंवा मामू कुठून विकणार? कोर्टाने नेमलेल्या पालकालाही घर-जमीन विकायची तर कलम २९ प्रमाणे कोर्टाची परवानगी लागते. यतीमच्या मालाबद्दल सूरह निसामध्ये किती सक्त ताकीद आहे, ते इथे पुन्हा लिहायला नको.

यातच यतीम नातवाचा प्रश्न. अब्बू दादाच्या आधी वारले आणि चाचा हयात असेल तर सुन्नी कायद्यात दादाच्या मालमत्तेत नातवाला वारसा मिळत नाही. मात्र दादाला हिबा करता येतो, किंवा एक तृतीयांशपर्यंत वसीयत. दादा जिवंत असतानाच हे बोलावं लागतं, आणि नेमकं तेव्हा घरात कुणी तोंड उघडत नाही.

करायचं काय, तर पहिली गोष्ट, दोन्ही आईबाप नसतील तर जे सांभाळतायत त्यांनी जिल्हा न्यायालयात किंवा कौटुंबिक न्यायालयात पालक नेमण्याचा अर्ज लवकर करावा, भांडण व्हायची वाट बघू नये. अर्ज मूल जिथे नेहमी राहतं तिथल्या कोर्टात होतो. एक जण हयात असेल आणि मूल दुसऱ्याकडे असेल, तर सगळ्यांनी बसून लिहून काढावं. कुठे राहणार, भेटी कधी, खर्च कुणाचा, शाळेत सही कुणाची. स्टॅम्प पेपरवरचा असा करार म्हणजे कोर्टाचा आदेश नाही आणि कोर्ट त्याला बांधलेलंही नाही, हे लक्षात ठेवूनच लिहा. पण कुणाची नीयत काय होती याचा तो पुरावा होतो. वकिलाची फी परवडत नाही म्हणू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. शिवाय राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, दरमहा २,२५० रुपयांची. अनाथ आणि एकच पालक असलेल्या मुलांसाठी ती आहे, अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात. आमच्या वर्गातल्या पात्र मुलांपैकी फार थोड्यांच्या घरी ती माहीत होती.

शिक्षकांनाही सांगायचंय, स्वतःला धरून. आदेश बघितल्याशिवाय मूल कुणाच्या हवाली करू नका, आणि आमच्यासारखं कुणाला "मूल तुमचंच" असंही म्हणू नका. अपार आयडीच्या संमतीपासून दाखल्यापर्यंत प्रत्येक कागदावर पालकाची सही लागते. ती कोण करतंय याची नोंद पहिल्या दिवशीच नीट घ्या.

त्या मुलीचं पुढे काय झालं हे वाचणारे विचारतीलच. दाखला त्या दिवशी दिला गेला नाही. मुख्याध्यापकांनी वडिलांकडे आठ दिवस मागितले. मशिदीच्या ट्रस्टमधले दोन बुजुर्ग, मुलीचे मामू, वडिलांचे मोठे भाऊ आणि आम्ही असे नानीच्या घरी बसलो. पहिली बैठक फिसकटली. दुसऱ्या बैठकीत वडील रडले. म्हणाले, "मी चार ईदा तिच्याशिवाय काढल्या, तुम्ही दारातून परत पाठवलं." नानीकडे याचं उत्तर नव्हतं, कारण ते खरं होतं. तिलाही विचारलं गेलं, जो प्रश्न आपण सगळ्यात शेवटी विचारतो. ती म्हणाली शाळा हीच हवी, पण अब्बूंकडचा छोटा भाऊ तिला बघायचाय. तो भाऊ झालाय हे तिला माहीत आहे, हेच नानीला माहीत नव्हतं.

आता ती नानीकडेच राहते. दर दुसऱ्या रविवारी वडील चाकणहून बाइकवर येतात, दुपारी घेऊन जातात, रात्री जेवल्यावर आणून सोडतात. कधी शिफ्ट बदलली तर येत नाहीत, मग फोन करतात. नानी अजूनही त्यांच्याशी फारसं बोलत नाही, चहा मात्र ठेवते. यंदा नववीच्या फॉर्मवर वडिलांची सही आहे आणि संपर्कासाठी खालाचा नंबर.